गणेश तलाईची वाट

मराठी भाषेत ‘वाट’ हा शब्द दोन तऱ्हांनी वापरला जातो. प्रवासी वाट चालतो आणि घरी राहिलेले माणूस त्याची वाट पाहते. वाट चालणाऱ्याचे कष्ट सर्वांच्या डोळ्यांना दिसतात. त्याच्या पायांवर धूळ असते, चेहरा उन्हाने रापलेला असतो आणि त्याच्यापाशी सांगण्यासारख्या हकिकती असतात. वाट पाहणाऱ्याचे कष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. ते माणूस आपले उंबरठ्याशी बसलेले असते. बाहेरच्याला वाटते, याने असे काय केले? परंतु दूर गेलेल्याचे परत येणे पुष्कळदा या बसून राहिलेल्या माणसाच्या निष्ठेवरच अवलंबून असते. खंडवा येथील एका मजूर आईची आणि तिच्या हरवलेल्या मुलाची हकिकत ऐकली, म्हणजे हे मनोमन पटते.

भुसावळहून इटारसीच्या दिशेने जाणारी आगगाडी तापी ओलांडते, रावेर मागे टाकते आणि बऱ्हाणपूरला येते. तेथून पुढे असीरगडाचा डोंगराळ मुलूख लागतो आणि सातपुड्याची रांग ओलांडली की खंडवा येते. बऱ्हाणपूर आणि खंडवा यांच्यामध्ये सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर आहे. खंडवा हे निमाड भागातले जुने गाव. हिंदी कवी माखनलाल चतुर्वेदी यांनी आपले ‘कर्मवीर’ हे पत्र येथूनच चालवले, आणि चित्रपटगायक किशोरकुमार यांचा जन्मही १९२९ साली येथेच झाला. याच गावात गणेश तलाई नावाची गोरगरिबांची वस्ती आहे. तेथे एका लहानशा खोलीत फातिमा नावाची एक स्त्री आपल्या चार मुलांसह राहत असे. नवरा घर सोडून निराळा राहू लागला होता. बांधकामावर दगड वाहून ती चार पैसे मिळवी आणि त्यांत पाच तोंडे भरण्याचा प्रयत्न करी. ती कामाला गेली म्हणजे मुले परस्परांना सांभाळीत. थोरला गुड्डू दहा-बारा वर्षांच्या पुढचा, आणि त्याच्या पाठोपाठ सदैव चिकटलेला पाच वर्षांचा शेरू. शेरूहून लहान एक बहीण होती. तिला न्हाऊ घालणे आणि खेळवणे हे शेरूचे काम.

गुड्डू आगगाडीचे डबे झाडून काही पैसे मिळवीत असे. १९८६ साली एका संध्याकाळी तो बऱ्हाणपूरला निघाला, तेव्हा शेरूने त्याच्याबरोबर जाण्याचा हट्ट धरला. भावाचे मन मोडवेना. दोघे गाडीत बसले. बऱ्हाणपूर येईपर्यंत रात्र झाली होती आणि धाकट्याच्या डोळ्यांवर झोप अनावर झाली होती. गुड्डूने त्याला फलाटावरच्या बाकावर निजवले, आपण लवकरच परत येतो, येथून हलू नकोस, असे बजावले आणि तो काळोखात निघून गेला. दोघा भावांची ती अखेरची भेट होती.

शेरूला जाग आली, तेव्हा फलाट निर्मनुष्य होता. समोर एक रिकामी आगगाडी उभी होती. भाऊ याच गाडीत असेल अशा समजुतीने पोर आत चढले. हाका मारूनही कोणी ओ देईना, तेव्हा ते एका बाकावर आडवे झाले आणि पुन्हा झोपी गेले. दुसऱ्यांदा डोळे उघडले, तेव्हा दिवस उजाडला होता आणि खिडकीबाहेर अनोळखी मुलूख वेगाने मागे पळत होता. डब्याची दारे उघडत नव्हती. शेजारच्या डब्यात जायला वाट नव्हती. त्याने आकांत केला. परंतु त्या बंद डब्यात ऐकणारे कोणी नव्हते. अखेर गाडी एका प्रचंड स्थानकात येऊन थांबली, दार उघडले आणि माणसांचा लोंढा आत शिरला. ते हावड्याचे स्थानक होते. घरापासून सुमारे पंधराशे किलोमीटर दूर, हुगळी नदीच्या काठी, कलकत्ता महानगराच्या दारात पाच वर्षांचे एक अनवाणी मूल उभे होते.

तेथल्या गर्दीत त्याने कितीतरी जणांना आपल्या गावाची गाडी विचारली. परंतु त्याची भाषा हिंदी आणि भोवती बोलणे बंगाली. शिवाय गावाचे नावही त्याला धडपणे सांगता येत नव्हते. बऱ्हाणपूरला तो ‘बेरमपूर’ असे काहीसे म्हणे. अशा नावांची गावे या देशात एक का दोन आहेत! आडनाव त्याला ठाऊक नव्हते. आईला तो आई म्हणूनच ओळखत होता. तिला दुसरे नाव असते याची त्याला गरजच कधी पडली नव्हती. मग त्याने स्वतःच उपाय योजला. हावड्याहून सुटणाऱ्या गाड्यांत तो चढे, आज नाही तर उद्या आपले गाव येईल अशा आशेने शेवटपर्यंत जाई आणि निराश होऊन पुन्हा हावड्यालाच येई. पाच वर्षांच्या मुलाची ही हिंमत पाहिली, म्हणजे मन थक्क होते.

असे कित्येक दिवस गेले. पडलेले अन्न वेचून तो पोट भरीत होता आणि आडोसा मिळेल तेथे झोपत होता. नदीच्या प्रवाहात तो बुडू लागला असता एका बेघर म्हाताऱ्याने त्याला बाहेर ओढले. पुढे एका तरुणाने त्याला आपल्या घरी नेऊन जेवू घातले आणि पोलीस ठाण्यात पोचवले. या दोघांची नावे त्याला कधीच कळली नाहीत. ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नव्हते, अशा माणसांनी त्याला जगवले, एवढे मात्र त्याच्या स्मरणात कायम राहिले.

पोलिसांकडून त्याला मुलांच्या सरकारी आश्रयगृहात आणि तेथून निराधार बालकांची व्यवस्था पाहणाऱ्या एका संस्थेत ठेवण्यात आले. संस्थेने त्याच्या घरच्यांचा तपास केला. वृत्तपत्रात छायाचित्रही दिले. परंतु बंगालमधले वर्तमानपत्र निमाडातल्या मजूर वस्तीत कोण वाचणार? मुलगा सांगत असलेले गाव नकाशावर सापडेना आणि आई ज्या गावी रडत होती, तेथे ही बातमी पोचेना. आज हरवलेल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्याचा आरंभ १९९६ साली मुंबईत झाला आणि मग तो देशभर पसरला. शेरू हरवला त्या काळी असे साधन नव्हते. मोठ्या माणसांना तुच्छ वाटणारी एक गोष्ट मुलासाठी केवढी मोलाची असते, हे येथे दिसून येते. आपल्या गावाचे, जिल्ह्याचे आणि आईवडिलांचे नाव नीट सांगता येणे, ही ती गोष्ट. ती त्याच्यापाशी असती, तर त्याचा पंचवीस वर्षांचा वनवास कदाचित पंधरा दिवसांत संपला असता.

तपास लागत नाही असे पाहून संस्थेने त्याला दत्तक देण्याचे ठरवले. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे आणि होबार्ट ही त्याची राजधानी. तेथील जॉन आणि सू ब्रायर्ली या दांपत्याने त्याला आपला मुलगा मानायचे ठरवले. जगात आधीच इतकी मुले आईबापांवाचून आहेत, त्यांच्यापैकी कोणाला तरी घर द्यावे, असा विचार त्यांनी पूर्वीपासून केलेला होता. त्यांनी एक तांबड्या पुठ्ठ्याचे छायाचित्रांचे पुस्तक पाठवले. त्यात नवे आईवडील, त्यांचे घर, त्याला घेऊन येणारे विमान अशी चित्रे होती. १९८७ साली तो मुलगा समुद्रापार गेला आणि सरू ब्रायर्ली या नावाने वाढू लागला.

होबार्टमध्ये त्याला काही कमी पडले नाही. पोटभर अन्न, शाळा, मित्र, समुद्रकिनारा आणि जिवापाड माया करणारे आईवडील त्याला लाभले. परंतु या नव्या आईने एक फार थोर गोष्ट केली. मुलाने आपलीच व्हावे म्हणून त्याचे पूर्वीचे आयुष्य पुसून टाकावे, असा मोह एखादीला झाला असता. तिने त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला. मुलगा इंग्रजी बोलू लागला आणि त्याने आपल्या गावाच्या आठवणी सांगितल्या, तेव्हा तिने वही घेतली आणि घर कोठे, नदी कोठे, रूळ कोठे, हे त्याच्याच सांगण्यावरून रेखाटून ठेवले. दुसऱ्या आईकडे जाणारी वाट पुसू न देणारी ही आईदेखील एका अर्थी आपल्या मुलाचे ऋण फेडीत होती. कारण त्याने विश्वासाने आपले सारे बालपण तिच्या ओटीत टाकले होते.

दिवस जात चालले तशी मुलाची हिंदी भाषा हळूहळू विसरली गेली. शब्द गेले, परंतु वाटा राहिल्या. रात्री अंथरुणावर पडला, की तो मनाने गणेश तलाईत जाई. घराच्या दारातून निघून रस्त्याने चालत जावे, रूळ ओलांडावेत, नदीवरच्या बंधाऱ्यापाशी यावे, तेथून स्थानकाकडे वळावे, असा त्याचा नित्याचा प्रवास चाले. हे तो विसरू नये म्हणून मुद्दाम करीत असे. एखादी कविता रोज म्हटल्याने तोंडपाठ होते, त्याप्रमाणे एक अख्खे गाव त्याने मनात पाठ करून ठेवले होते. त्या गावातल्या वाटेच्या शेवटी नेहमी त्याची आई उभी असे.

आणि खरोखरच ती उभी होती. त्या १९८६ सालच्या रात्रीनंतर दोन्ही मुलगे घरी परतले नाहीत, तेव्हा तिने जमेल तेथे शोध केला. काही आठवड्यांनी पोलिसांकडून तिला कळले, की बऱ्हाणपूर स्थानकापासून जवळच रुळांवर गुड्डूचा मृतदेह सापडला आहे. धाकट्याला बाकावर निजवून गेलेला थोरला भाऊ परत का आला नाही, याचे उत्तर हे असे होते. त्याने शब्द मोडला नव्हता. शब्द पाळायला तो उरलाच नव्हता.

एका रात्रीत त्या माउलीने दोन मुले गमावली. त्यांपैकी एकाचे जाणे निश्चित झाले. दुसऱ्याविषयी कोणी काही सांगू शकत नव्हते, आणि तेवढ्याच एका आधारावर तिने आशा धरली. मेलेल्यासाठी माणूस रडून मोकळे होते. हरवलेल्यासाठी मात्र त्याला रडताही येत नाही आणि विसरताही येत नाही. तिने एकच केले. ती गणेश तलाई सोडून गेली नाही. वर्षे लोटली, बाकीची दोन मुले मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली, तिची जुनी खोलीही सुटली. परंतु तिने नवे बिऱ्हाड थाटले, ते त्या खोलीपासून काही पावलांवर. मुलगा आलाच, तर तो येथेच येईल आणि आपण त्याला दिसलो पाहिजे, असा तिचा साधा हिशोब होता. तिच्याजवळ पैसा नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या, अक्षरांची सोबतही नव्हती. जगात तिला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती तिने पंचवीस वर्षे केली.

इकडे सरू मोठा झाला. उच्च शिक्षणासाठी तो कॅनबेरा येथे गेला असता तेथे त्याला काही भारतीय विद्यार्थी भेटले. त्यांच्या सहवासात त्याच्या जुन्या आठवणी जाग्या झाल्या. याच सुमारास, म्हणजे २००५ पासून, ‘गूगल अर्थ’ नावाचे नवे साधन लोकांच्या हाती आले होते. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे पृथ्वीवरचे कोणतेही ठिकाण संगणकावर न्याहाळता येऊ लागले होते. सरूला वाटले, आपल्या मनातला नकाशा आणि हा नकाशा एकमेकांशी ताडून पाहता आले तर?

परंतु भारत हा केवढा थोरला देश! त्यातले एक लहान स्थानक शोधायचे कसे? त्याने हिशोब मांडला. बंद गाडीत आपण सुमारे चौदा तास असू आणि गाडी ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावत असेल, तर घर कलकत्त्यापासून सुमारे १,२०० किलोमीटरच्या आत असले पाहिजे. हावड्याहून फुटणारा एकेक लोहमार्ग घ्यायचा आणि त्यावरचे प्रत्येक स्थानक तपासायचे, असा त्याने क्रम ठरवला. दिवसा कामधंदा आणि रात्री हा शोध. किती रात्री अशा गेल्या! जवळच्या माणसांना त्याचे हे वेड वाटे. कित्येकदा तो स्वतःच कंटाळून शोध सोडून देई. परंतु काही दिवसांनी त्याचा हात पुन्हा संगणकाकडे वळे.

२०११ सालच्या एका रात्री पाहता पाहता तो आपल्या आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर पश्चिमेला आला. तेथे एका लहानशा स्थानकापाशी त्याची नजर खिळली. पाण्याची उंच टाकी, रुळांवरचा पूल, स्थानकाबाहेरचा घोड्याच्या नालासारखा वळलेला रस्ता, अशा सर्व खुणा होत्या तशा होत्या. स्थानकाचे नाव होते बऱ्हाणपूर. पाच वर्षांच्या मुलाने केलेला ‘बेरमपूर’ हा उच्चार सत्यापासून फार दूर नव्हता. हिशोबच थोडा तोकडा पडला होता. धडधडत्या छातीने तो रुळाच्या रेषेवरून उत्तरेकडे सरकू लागला. सुमारे सत्तर किलोमीटरवर दुसरे गाव आले. तेथे नदीवरचा बंधारा होता, ज्याच्याजवळ तो खेळत असे. रुळांखालून जाणारा रस्ता होता. त्या रस्त्याने नजर चालवीत तो वस्तीपर्यंत आला. वाट त्याच्या पायांना पाठ होती. आज ती डोळ्यांनी चालायची होती एवढेच.

त्या गावाचे नाव खंडवा. फेसबुकवर खंडव्याच्या रहिवाशांचा एक गट होता. त्याने तेथे विचारले, की गावाच्या अमुक बाजूला असलेल्या वस्तीचे नाव काय? उत्तर आले, ‘गणेश तलाई’. लहानपणी तो हे नाव ‘गनेस्तलाय’ असे एका दमात म्हणत असे. इतक्या वर्षांत ज्याचा अर्थ कोणालाही लागला नव्हता, तो बोबडा शब्द अशा रीतीने दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत आला.

तरीही तो लगेच निघाला नाही. गाव सापडले, याचा अर्थ आई सापडली असा होत नाही. ती हयात असेल का? असली तर तेथेच असेल का? आणि होबार्टमधल्या आईवडिलांना काय वाटेल? या प्रश्नांनी त्याला काही महिने घेरले. परंतु त्याचे ते आईवडील त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो खंडव्याला येऊन पोचला. त्या वेळी तो तिशीतला तरुण होता.

गणेश तलाईत तो कोणालाही न विचारता चालत गेला. घराचे दार दिसले. दाराला कुलूप होते. आठवणीत मोठी असलेली ती खोली आता इतकी ठेंगणी दिसत होती, की पंचवीस वर्षांचे अंतर त्या दारानेच त्याला दाखवून दिले. आत कोणी राहत नव्हते. इतका लांबचा प्रवास एका बंद दारापाशी येऊन थांबला, असे क्षणभर त्याला वाटले. शेजारीपाजारी जमले. त्याने आपले लहानपणचे छायाचित्र पुढे केले आणि भावंडांची नावे उच्चारली. दुसरी भाषा त्याच्यापाशी उरलीच नव्हती. तेवढ्यात एक मनुष्य छायाचित्र घेऊन गेला, परत आला आणि त्याला आपल्या मागून येण्याची खूण करून चालू लागला. कोपरा वळताच तीन स्त्रिया उभ्या दिसल्या. मधलीकडे त्याची दृष्टी गेली. ती म्हातारी झाली होती, लहानखुरी दिसत होती. परंतु तो चेहरा त्याला ओळखू आला. ती पुढे झाली. तिने त्याचे दोन्ही हात हाती घेतले आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने त्याला हृदयाशी धरले आणि हात धरून आपल्या घरी नेले. आयुष्यभर जी वाट त्याने रोज रात्री चालून पाहिली, तिच्या शेवटचा कोपरा हा असा काही पावलांवर होता. ती माउली गाव सोडून गेली असती, तर एवढा मोठा शोध त्या कुलपापाशी विरून गेला असता.

भेटीचा आनंद शब्दातीत होता. परंतु त्या आनंदात दुःखाचाही वाटा होता. त्याने गुड्डूविषयी विचारले, तेव्हा त्याला सत्य कळले. ज्या भावाला त्याने मनात इतकी वर्षे सांभाळले, तो त्याच रात्री गेला होता. आपण हरवलो, ही भावाची चूक, असा ठपका तो मनातल्या मनातही यापुढे कोणावर ठेवू शकत नव्हता. आणखी एक गोष्ट मन हेलावणारी होती. आई बोलत होती ते मुलाला समजत नव्हते. मुलगा बोलत होता ते आईला समजत नव्हते. शेजारची इंग्रजी जाणणारी एक बाई मध्ये बसून एकाचे दुसऱ्याला सांगत होती. ज्या भाषेत त्याला अंगाई ऐकायला मिळाली असेल, तीच त्याला परकी झाली होती. हरवलेले माणूस परत मिळते, परंतु हरवलेली वर्षे परत मिळत नाहीत. आईच्या हाताच्या स्पर्शाला मात्र दुभाष्याची गरज पडली नाही.

त्याचे खरे नावही त्याला त्याच दिवसांत उमगले. तो स्वतःला ‘सरू’ म्हणत असे. मूळ नाव ‘शेरू’ होते, म्हणजे सिंह. हावड्याच्या गर्दीत न डगमगता जगलेल्या त्या पोराला ते नाव शोभून दिसले असते, यात शंका नाही. २०१३ साली त्याने आपली कहाणी पुस्तकरूपाने लिहिली आणि २०१६ साली तिच्यावर ‘लायन’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात लहानग्या शेरूचे काम मुंबईच्या सनी पवार या मुलाने केले.

या भेटीनंतर सरू कायमचा खंडव्यात राहिला नाही. त्याचे घर, त्याचे काम, त्याची सवयीची भाषा ऑस्ट्रेलियात होती. काही लोकांना हे विपरीत वाटते. इतक्या कष्टाने आई शोधली आणि मग तिला सोडून गेला, असे ते म्हणतात. परंतु त्या आईने तसे मानले नाही. मुलगा जिवंत आहे, सुखात आहे आणि पुन्हा येणार आहे, एवढे कळल्यावर तिच्या मनाचा भार उतरला. तो त्यानंतर अनेकदा तिच्या भेटीला आला. पुढे २०१३ साली होबार्टची आईही भारतात आली आणि दोघी आया समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीने जन्म दिला होता, दुसरीने वाढवले होते. एकमेकींची भाषा त्यांना येत नव्हती. त्या दोघींच्या मध्ये उंचापुरा मुलगा उभा होता. आपल्याकडे कृष्णाला देवकी आणि यशोदा अशा दोन माता आहेत आणि त्यांपैकी कोणती खरी, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. खंडव्यातही तो कोणी विचारला नाही.

या हकिकतीत लोक संगणकाचे आणि उपग्रहाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. त्या साधनांवाचून हे घडले नसते. परंतु उपग्रहाने घराचे छप्पर दाखवले. त्या छपराखालच्या माणसांची माया त्याला दाखवता येत नाही. यंत्राला विचारायचे काय, हे ठाऊक असावे लागते, आणि ते सरूला ठाऊक होते, कारण त्याने आपल्या आठवणी मरू दिल्या नव्हत्या. त्या आठवणींना त्याच्या दुसऱ्या आईने भिंतीवर जागा दिली होती. आणि शोध पुरा होऊन तो दाराशी आला, तेव्हा त्याला ओळखणारे कोणीतरी तेथे होते, कारण पहिली आई जागची हलली नव्हती.

एक वाट चालत होता, एक वाट पाहत होती, आणि एकीने ती वाट बुजू दिली नाही. या तिघांपैकी कोणा एकाचा धीर सुटला असता, तरी ही भेट झाली नसती. प्रत्येक घरात कोणी ना कोणी कोणाची वाट पाहत असते. परगावी शिकायला गेलेल्या मुलाची, दूरच्या कामावर असलेल्या बापाची, सीमेवरच्या शिपायाची वाट पाहणारी माणसे आपल्या शेजारीपाजारीही असतात. ती काही बोलून दाखवीत नाहीत. संध्याकाळी दिवा लावताना त्यांची नजर रस्त्याकडे जाते, इतकेच. ती नजर ज्याला ओळखता येईल, तो बाहेरगावी गेल्यावर आपल्या खुशालीचे दोन शब्द घरी पाठवायला विसरणार नाही.